जुनाट महाधमनी डिसेक्शन: कमान छाती उघडून, पुढचा भाग मांडीतून (एक प्रकरण अभ्यास)

पार्श्वभूमी

रुग्ण ५१ वर्षांचा पुरुष, तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवणारा. ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. चार वर्षांपूर्वी त्याच्या महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) भिंतीचे थर अचानक सुटले होते. यालाच डिसेक्शन म्हणतात. रक्ताचा मूळ मार्ग ती ‘खरी पोकळी’ आणि सुटलेल्या थरांमधली नवी जागा ती ‘खोटी पोकळी’. फाट हृदयालगतच्या आरोही (वर चढणाऱ्या) भागातून सुरू होऊन कमानीतून आणि पुढच्या अवरोही (खाली उतरणाऱ्या) भागातून थेट डाव्या जांघेच्या धमनीपर्यंत गेली होती. म्हणजे स्टॅनफर्ड वर्गीकरणातला ‘ए’ प्रकार. त्या रात्री दुसऱ्या एका रुग्णालयात आरोही भाग कापून तिथे २८ मि.मी. व्यासाची डॅक्रॉनची (कृत्रिम धाग्याच्या कापडाची) नळी बसवली गेली आणि रुग्ण वाचला.

पुढच्या सगळ्या गुंतागुंतीचे मूळ त्या रात्रीच्या एका तपशिलात आहे. नळीचे खालचे टोक कमानीला जोडताना महाधमनीवर चिमटा लावलेलाच होता. चिमटा असला की कमान आतून पाहता येत नाही. शिवाय जिथे तो चावतो, तिथला फाटलेला पडदा आणखी चिरडतो आणि टाक्यांच्या ओळीतच रक्ताला खोट्या पोकळीत शिरायला नवे दार मिळते. या रुग्णात तेच झाले होते. कमानीतली एक मूळ चीर, डाव्या हाताची धमनी निघते त्या जागेजवळची, तशीच राहून गेली होती.

पहिली दोन वर्षे त्याने सीटी स्कॅन केले. शेवटच्या स्कॅनमध्ये अवरोही महाधमनी ५१ मि.मी. होती. त्यानंतर छातीत दुखत नाही म्हणून फेऱ्या थांबल्या, रक्तदाबाच्या गोळ्या मधूनमधून सुटू लागल्या. दोन वर्षांनी तो कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेला, तो आवाज बसला म्हणून. दुर्बिणीतून डावी स्वरतंतू हलत नसल्याचे दिसले. छातीच्या एक्स-रेत मधली सावली रुंद होती. डाव्या स्वरतंतूची नस कमानीच्या खालून वळसा घेऊन वर येते. तिथे महाधमनी फुगली की ती नस ताणली जाते आणि आवाज घोगरा होतो. रक्तदाब आणि जुनी महाधमनी शस्त्रक्रिया असलेल्या माणसाचा आवाज बसला, तर घशाचे औषध देण्याआधी छातीचा फोटो काढावा.

प्रश्न नेमका काय होता

ईसीजीशी ताळमेळ ठेवून केलेल्या सीटी अँजिओग्राफीत दिसले ते असे:

- अवरोही भाग, सर्वांत रुंद जागी: ६४ मि.मी. (दोन वर्षांत १३ मि.मी. वाढ)
- कमान: ४८ मि.मी.
- श्वासपटलाच्या पातळीवर: ४१ मि.मी.
- छातीच्या सातव्या मणक्यापाशी खरी पोकळी: ३४ × १७ मि.मी., चपटी
- पोटाच्या अवयवांच्या शाखा: सिलियाक, आतड्याची वरची धमनी आणि उजव्या मूत्रपिंडाची धमनी खऱ्या पोकळीतून, डाव्या मूत्रपिंडाची मात्र खोट्या पोकळीतून
- मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत फाट नाही. डावी कशेरुक धमनी उजवीपेक्षा मोठी
- जुनी डॅक्रॉन नळी उरोस्थीच्या मागे ९ मि.मी. अंतरावर

हृदयाचे आकुंचन ५५ टक्के, झडपेची गळती किरकोळ, कोरोनरी धमन्या मोकळ्या. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३. जुन्या विडीमुळे फुप्फुसांची पहिल्या सेकंदात हवा बाहेर फेकण्याची क्षमता अपेक्षेच्या ६२ टक्के. उंची, बोटे, डोळे आणि टाळू पाहून मार्फानसारख्या ऊतीच्या आजाराच्या खुणा आढळल्या नाहीत. ही तपासणी उपचारापूर्वीच व्हायला हवी, कारण ऊतीच कमकुवत असेल तर स्टेंटचे (धमनीत आतून उघडणाऱ्या धातूच्या जाळीच्या नळीचे) टोक रुग्णाच्या स्वतःच्या महाधमनीत टेकवणे सहसा टाळतात.

अवरोही महाधमनी ५५ ते ६० मि.मी. ओलांडते तेव्हा फुटण्याचा धोका शस्त्रक्रियेच्या धोक्यापेक्षा जड होऊ लागतो. वाढीचा वेगही मोठा असेल तर थांबण्यात अर्थ नसतो. त्यामुळे हस्तक्षेप हवा की नको, यावर चर्चा फार चालली नाही. वेळ गेला तो कुठून आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवण्यात.

नव्या आणि जुन्या डिसेक्शनमधला फरक इथे महत्त्वाचा. पहिल्या दोन आठवड्यांत थरांमधला पडदा पातळ आणि हलता असतो. आत स्टेंट उघडला की तो बाजूला सरकतो आणि खरी पोकळी मोकळी होते. नव्वद दिवसांनंतर पडदा जाड होतो, जुन्या चामड्यासारखा ताठरतो. स्टेंट त्याला फारसा हलवू शकत नाही. वरचे दार बंद केले तरी पोटातल्या लहान चिरांमधून रक्त उलट्या दिशेने वर येऊन खोटी पोकळी भरत राहते. म्हणून जुनाट प्रकरणात वरचे दार बंद करणे आणि खालून येणारा प्रवाह अडवणे अशी दोन कामे असतात. एका साधनाने दोन्ही क्वचितच होतात.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय डाव्या बरगड्यांतून छाती उघडून अवरोही महाधमनी बदलण्याचा. टिकाऊपणात तो सर्वांत भक्कम, ऊतीचा आजार असता तर तोच निवडला गेला असता. इथे मात्र कमानही फाटलेली असल्याने वरचा चिमटा लावायला धड जागा नव्हती. शरीर खूप थंड करून रक्ताभिसरण थांबवूनच वरचा जोड करावा लागला असता, तोही डावे फुप्फुस दाबून. ६२ टक्के क्षमतेच्या फुप्फुसांना ते झेपेल का, यावर भूलतज्ज्ञांनी शंका नोंदवली.

दुसरा पर्याय सर्वांत कमी चिरफाडीचा वाटतो: मेंदूकडच्या धमन्या जोडनळ्यांनी पुढून घेऊन जुन्या डॅक्रॉन नळीपासूनच स्टेंट टाकायचा. डॅक्रॉनमध्ये टेकलेला स्टेंट नवी फाट करत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण जुनी नळी आतल्या वळणावर मोजली तर आखूड होती. कोरोनरी धमन्यांच्या वर स्टेंट घट्ट बसायला दोन सेंटिमीटर सरळ जागा सापडेना. शिवाय जोडनळ्या त्याच नळीतून काढायच्या म्हणजे उरोस्थी पुन्हा उघडायचीच होती. चिरफाड वाचत नव्हती, मग फायदा कुठे उरला? शाखा असलेला, मापाने बनवून घेतलेला कमानीचा स्टेंट हाही विचार झाला. वाट पाहण्याचे आठवडे आणि खर्च पाहता तो मागे पडला.

तिसरा पर्याय संमिश्र शस्त्रक्रियेचा. १९८३ मध्ये हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली: कमान बदलताना नळीचे एक टोक अवरोही महाधमनीत मोकळे लोंबते सोडायचे, म्हणजे पुढच्या शस्त्रक्रियेला जोडायला जागा तयार. त्याला ‘एलिफंट ट्रंक’ म्हणतात. पुढे त्या लोंबत्या टोकात स्टेंट बसवला गेला आणि ‘फ्रोझन एलिफंट ट्रंक’ ही पद्धत रूढ झाली. कमान हाताने शिवायची आणि त्याच नळीचा स्टेंट असलेला भाग अवरोही महाधमनीच्या खऱ्या पोकळीत उघडायचा. पुढच्या टप्प्यात मांडीच्या धमनीतून दुसरा स्टेंट त्यात अडकवता येतो.

हाच पर्याय निवडला गेला. आवरण असलेल्या स्टेंटला वर टेकायला निरोगी जागा लागते आणि या रुग्णात ती कुठेच नव्हती. उघड्या शस्त्रक्रियेने ती जागा तयार करून द्यायची, असा हिशेब होता. खालचा स्टेंट पुरेसा ठरला नाही, तर छाती-पोट उघडण्याची वाटही बंद होत नव्हती.

संमतीच्या वेळी कुटुंबाला एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगितली गेली: शस्त्रक्रिया किमान दोन, कदाचित तीन असतील आणि मधल्या काळात महाधमनी फुटण्याचा धोका शून्य नसेल. पहिली झाली की संपले, असे समजून पुढे आलेले कुटुंब दुसऱ्या टप्प्याला कचरते.

पहिला टप्पा

मुख्य शस्त्रक्रियेच्या चार दिवस आधी गळ्याच्या डाव्या बाजूने छोटी चीर घेऊन डाव्या कॅरोटिड धमनीतून डाव्या हाताच्या धमनीकडे ८ मि.मी. जोडनळी टाकली. या रुग्णाची मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारी मोठी धमनी तिथूनच निघत होती आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूलाही त्या धमनीतून रसद मिळते (पुढे ‘कणा’ म्हणजे हाच मज्जारज्जू, त्याचे रक्त तुटले तर पायांची शक्ती जाते). दुसरा फायदा जागेचा. हाताच्या धमनीचे मूळ फुगवट्याच्या मागे खोल ढकलले गेले होते, तिथे थंड शरीरात टाके घालत बसावे लागले नाही. कमानीचा जोडही त्या मुळाच्या अलीकडे, डाव्या कॅरोटिडच्या लगेच पुढे घेता आला. त्याला ‘झोन २’ म्हणतात. ‘झोन ३’ दोन-तीन सेंटिमीटरच खोल असतो, पण टाक्यातून रक्त आले तर हात तिथे धड पोहोचत नाही.

उरोस्थी दुसऱ्यांदा उघडायची होती आणि नळी तिच्या जवळ होती. म्हणून करवत लावण्याआधीच उजव्या काखेच्या धमनीला ८ मि.मी. नळी शिवून आणि उजव्या मांडीच्या शिरेतून नलिका घालून हृदय-फुप्फुस यंत्र जोडून ठेवले. मांडीच्या धमनीतून रक्त देणे टाळले. फाट खालपर्यंत असताना ते रक्त कोणत्या पोकळीत जाईल याची खात्री नसते. उजव्या मांडीतून फक्त ताठ तार वर नेली. ती खऱ्या पोकळीतच आहे हे अन्ननलिकेतल्या सोनोग्राफीने दोन पातळ्यांवर पाहिले. ही पायरी घाईत सुटली आणि तार खोट्या पोकळीत असेल, तर स्टेंट खोट्या पोकळीत उघडतो आणि पोटातले अवयव रक्ताविना राहतात.

शरीराचे तापमान २६ अंशांपर्यंत उतरवून खालचे रक्ताभिसरण थांबवले. मेंदूला काखेतून आणि डाव्या कॅरोटिडमधल्या वेगळ्या नलिकेतून दर किलो वजनाला मिनिटाला १० मि.लि. या दराने रक्त चालू ठेवले. उजव्या मनगटातला दाब ५० ते ६० मि.मी. पारा. कपाळावरच्या ऑक्सिजनमापकाचा डावा आकडा मध्येच मूळ पातळीपेक्षा २४ टक्क्यांनी घसरला. नलिका कॅरोटिडमध्ये जास्त आत जाऊन टोकाशी वाकली होती. दोन सेंटिमीटर मागे घेतल्यावर आकडा सावरला. २० टक्क्यांपलीकडची घसरण दिसली की आधी नलिका तपासायची, मग दाब आणि हिमोग्लोबिन.

स्टेंटचे माप हा इथला खरा निर्णय. सातव्या मणक्यापाशी खऱ्या पोकळीचा परीघ ८२ मि.मी. होता. त्याला ३.१४ ने भागले की २६ मि.मी. येतात. स्टेंट २६ मि.मी.चाच निवडला, एक मि.मी.ही जास्त नाही. धमनीविस्फारात घट्ट बसावा म्हणून १० ते २० टक्के मोठा स्टेंट घेण्याची सवय असते. ती इथे लावली तर स्टेंटचे टोक ताठ पडद्यावर दाबत राहते आणि काही महिन्यांनी पडद्याला नवे भोक पाडते. लांबीत १०० आणि १५० मि.मी. असे दोन पर्याय होते, १०० घेतली. १५० मि.मी.चे टोक आठव्या मणक्याच्या खाली गेले असते आणि कण्याला रक्त देणाऱ्या जास्त फांद्या एकाच दिवशी झाकल्या गेल्या असत्या. दुसरा टप्पा होणारच होता, तर पहिल्याच दिवशी जास्त झाकण्याची गरज नव्हती.

कमान उघडल्यावर जुन्या टाक्यांच्या ओळीतले दार आणि मूळ चीर दोन्ही दिसली. स्टेंट तारेवरून खऱ्या पोकळीत उघडला. बाहेरून फेल्टची पट्टी घेऊन, पडदा आणि बाहेरची भिंत एकाच टाक्यात धरून जोड शिवला. लगेच नळीच्या बाजूच्या फांदीतून खालच्या शरीराला रक्त सुरू केले. खालचे शरीर ३८ मिनिटे रक्ताविना होते. मग नवी नळी जुन्या डॅक्रॉन नळीला आणि शेवटी मेंदूकडच्या दोन्ही धमन्या नळीच्या फांद्यांना जोडल्या. तिसरी फांदी बांधून टाकली, कारण डाव्या हाताला आधीच रक्त मिळत होते.

श्वसनयंत्र दुसऱ्या दिवशी निघाले. क्रिएटिनिन २.१ पर्यंत चढून १.५ वर उतरले. डावी स्वरतंतू आधीच निकामी असल्याने गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडाने काही दिले नाही. अशा रुग्णाला पहिला चहा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका खरा असतो. तेराव्या दिवशी घरी.

दोन टप्प्यांमधला काळ

घरी जाण्याआधीच्या सीटीत स्टेंटभोवतीची खोटी पोकळी गोठलेली दिसली. आठव्या मणक्याखाली मात्र ती खालून भरत होती आणि रुंदी ६४ मि.मी.च होती. अंतर सहा आठवड्यांचे ठरले होते. तेवढ्या काळात कण्याभोवतीच्या लहान रक्तवाहिन्या नव्या वाटा रुंद करतात. त्याहून लांबवले तर फुटण्याचा धोका घेऊन बसावे लागते. खर्चाची जुळवाजुळव होईपर्यंत प्रत्यक्षात नऊ आठवडे गेले. रुंदी ६६ मि.मी. झाली होती.

दुसरा टप्पा

आदल्या संध्याकाळी कमरेच्या मणक्यातून पाठीच्या पाण्याची, म्हणजे कण्याभोवतीच्या द्रवाचा निचरा करणारी नळी घातली. त्या द्रवाचा दाब कमी ठेवला की कण्याला रक्त सहज पोहोचते. उजव्या मांडीच्या धमनीतून सोनोग्राफीखाली प्रवेश. वर २८ आणि खाली २४ मि.मी. असा निमुळता, २०० मि.मी. लांबीचा आवरण असलेला स्टेंट निवडला. वरचे ५० मि.मी. पहिल्या स्टेंटच्या आत, खालचे टोक सिलियाक धमनीच्या जरा वर. तिथे खऱ्या पोकळीचा परीघ ७२ मि.मी., म्हणजे व्यास सुमारे २३ मि.मी. तारेची जागा रक्तवाहिनीच्या आतल्या सोनोग्राफीने संपूर्ण लांबीत तपासली. फुगा फुगवला तो फक्त दोन स्टेंट एकमेकांवर येतात त्या जागी.

खोटी पोकळी खालून बंद करण्याचे काम त्याच दिवशी करायचे की नाही, यावर मतभेद होते. केले तर एक फेरी वाचते. पण सातव्या ते बाराव्या मणक्यांच्या फांद्या खऱ्या पोकळीच्या बाजूने झाकल्या जात असताना खोट्या पोकळीतूनही त्यांचे रक्त तोडले तर कण्याला काहीच उरत नाही. पथकाने ते पुढे ढकलले.

पायातली शक्ती गेली तेव्हा

चौदा तासांनी अतिदक्षता विभागात डावा पाय उचलता येईना. शक्ती पाचपैकी दोन. सरासरी रक्तदाब ६८ होता, लक्ष्य ९० असताना. रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या, पण संध्याकाळच्या औषधपत्रकात जुनी यादी तशीच उतरली होती आणि एक मात्रा दिली गेली होती.

नॉरअ‍ॅड्रेनालिनने सरासरी दाब ९५ ते १०० वर नेला. पाण्याचा दाब १० मि.मी. पाऱ्यावर ठेवून निचरा केला, पण तासाला १५ मि.लि.पेक्षा जास्त नाही. घाबरून नळी मोकळी सोडली तर मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. हिमोग्लोबिन ९.१ होते, रक्त देऊन १० च्या वर नेले. चार तासांत शक्ती पाचपैकी चार, दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण. पाण्याची नळी आधी एक दिवस चिमटा लावून पाहिली, पाय ठीक राहिले, मगच काढली.

तिसरी फेरी

तीन महिन्यांनी नववा ते अकरावा मणका या पट्ट्यात खोटी पोकळी अजून भरत होती, रुंदी ६७ मि.मी. आता ती खालून बंद करायची होती. इथे डाव्या मूत्रपिंडाचा प्रश्न आला. त्याचे रक्त खोट्या पोकळीतूनच येत होते. बूच सिलियाकच्या वर बसणार होते आणि त्याखाली खऱ्या-खोट्या पोकळ्यांना जोडणारी चीर आहे, हे सीटीत निश्चित केल्यावरच पुढे गेले. ती चीर नसती तर बुचाने मूत्रपिंड गेले असते.

वापरली ती ‘कँडी प्लग’ पद्धत. आवरण असलेला मोठा स्टेंट मधोमध टाक्याने आवळायचा, गोळीच्या वेष्टनासारखा आकार येतो. तो खोट्या पोकळीत उघडून आवळलेल्या कमरेत धातूच्या जाळीचे बूच बसवायचे. पोकळी ३८ मि.मी. होती, म्हणून स्टेंट ४२ मि.मी.चा. प्रवेश डाव्या मांडीतून, जांघेतल्या चिरेमार्गे. बूच खऱ्या पोकळीतल्या स्टेंटच्या शेवटच्या भागाला समांतर ठेवले. त्याखाली उतरले असते तर आधार नसलेली खरी पोकळी त्याने दाबली असती. पाण्याची नळी याही वेळी होती. पायांत बदल झाला नाही.

परिणाम

पहिल्या टप्प्यानंतर १८ महिन्यांनी छातीतली खोटी पोकळी अकराव्या मणक्यापर्यंत गोठलेली, सर्वांत रुंद जागा ५२ मि.मी. स्टेंटच्या खालच्या टोकाशी नवी चीर नाही. डाव्या मूत्रपिंडाचे रक्त चालू, क्रिएटिनिन १.४. श्वासपटलाखालची महाधमनी ४१ वरून ४३ वर गेली आहे. ती अजून फाटलेलीच आहे, दरवर्षी सीटी लागेल आणि वाढ चालू राहिली तर शाखांचा स्टेंट किंवा पोट उघडून नळी हा प्रश्न पुन्हा येईल. नसेचा ताण सुटूनही आवाज परतला नाही. स्वरतंतूत भर घालण्याचे इंजेक्शन दिल्यावर गिऱ्हाइकांशी बोलण्याइतका झाला.

वेगळे काय करता आले असते

चार वर्षांपूर्वी चिमटा काढून, काही मिनिटे अभिसरण थांबवून खालचा जोड केला असता तर कमान आतून पाहता आली असती. मध्यरात्री, मरणाच्या दारातल्या रुग्णासाठी घेतलेल्या निर्णयाला आज दोष देणे सोपे असले तरी जीव वाचवणारा निर्णय तोच होता. जास्त मोठी चूक त्यानंतरच्या पाठपुराव्याची. सुट्टीच्या कागदावर ‘कमान आणि खालची महाधमनी अजून फाटलेली आहे, दरवर्षी स्कॅन आयुष्यभर’ ही ओळ मराठीत असायला हवी होती. रुग्ण समजत होता की आजार काढून टाकला आहे. महाधमनीची रुंदी ५१ वरून ५५ मि.मी.वर जातानाच वाढ सापडली असती तर आवाज बहुधा वाचला असता.

दुसऱ्या टप्प्याच्या नऊ आठवड्यांबद्दल दोन मते राहिली. कण्याच्या दृष्टीने उशीर फायद्याचा ठरला असेल, पण ६६ मि.मी.वर तो नशिबाचा भाग होता. खर्चाची तरतूद दोन्ही टप्प्यांसाठी पहिल्या शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवी.

औषधपत्रकाच्या बाबतीत मतभेद नाहीत. कण्याचा धोका असलेल्या रुग्णाच्या पत्रकावर ‘सरासरी दाब ९० च्या वर, रक्तदाबाच्या सर्व गोळ्या बंद’ हे लाल अक्षरात आणि ७२ तासांची मुदत घालून लिहिले जाते. जुनी यादी कॉपी करण्याची सोय त्या विभागात आता बंद आहे. पायांची शक्ती पहिले ४८ तास दर तासाला तपासून आकड्यात नोंदवली जाते, झोपलेल्या रुग्णाला उठवून.